ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

मकरसंक्रांतीच्या दिवशी लष्करातील मराठी घरांतून तिळगुळाचे डबे बाहेर पडतात आणि आजपासून सूर्य उत्तरेकडे वळला, असे वडीलधारी मंडळी आपणांस सांगतात. त्याच संध्याकाळी आपण भूगोलाचे पुस्तक उघडावे, तो त्यात निराळाच मजकूर! सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारासच उत्तरेकडे वळलेला असतो, म्हणजे संक्रांतीच्या आधी तीन आठवड्यांहून अधिक. घरचे खरे मानावे की पुस्तकातले, असा प्रश्न कोणाही विचारी मुलाला पडावा.

याचा निकाल आपल्या शाळेच्या पटांगणातही लावता येईल. एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जमिनीत उभी रोवावी आणि दुपारी बारा ते साडेबाराच्या दरम्यान तिची सावली सर्वांत आखूड असेल त्या क्षणी मोजावी. ग्वाल्हेरच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला ती सुमारे ११८ सेंटिमीटर भरेल. वर्षातील मध्यान्हीची सर्वांत लांब सावली ती हीच. १४ जानेवारीस तीच सावली सुमारे १०९ सेंटिमीटर असेल. याचा अर्थ संक्रांत येईपर्यंत सूर्य बराच वर चढून गेलेला असतो. काठी खोटे बोलत नाही. मग पंचांग चुकले कोठे, केव्हा आणि किती?

या प्रश्नामागे सारे आयुष्य लावणाऱ्या एका शिक्षकाची ही हकीकत आहे. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा आणि २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला हे आपले दोन देशबांधव अंतराळात जाऊन आले. त्यांची चित्रे विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रकांवर हौसेने लावावी हे योग्यच आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे पाय मात्र जन्मभर शाळेच्या जमिनीवरच राहिले. त्यांच्यापाशी वेधशाळा नव्हती, महाविद्यालयाची पदवी नव्हती आणि विलायतेचा प्रवासही त्यांना घडला नाही. तरीही आकाशाच्या हिशेबात त्यांनी जे काम केले ते आमच्या या ग्वाल्हेर-माळव्याच्या इतिहासापर्यंत येऊन पोहोचले आहे, आणि म्हणूनच त्यांचे चरित्र या अंकात देण्याचे योजिले.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण ज्या मुरूडात गेले तेच हे गाव. दोघांच्या वयांत अवघे पाच वर्षांचे अंतर. मुरूडच्या मराठी शाळेत शिक्षण झाल्यावर शंकररावांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात, अभ्यास केला आणि १८७४ साली ते मॅट्रिक झाले. यापुढची शाळेची पायरी ते कधीच चढले नाहीत. पुढे रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे असा शिक्षकी पेशातील बदल्यांचा क्रम चालला आणि अखेर ज्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकले तेथेच ते अध्यापक म्हणून आले. चरित्रातील बाह्य घटना एवढ्याच. ज्यांना रोमहर्षक प्रसंगांची गोडी आहे त्यांची येथे थोडी निराशा होईल, पण त्याला लेखकाचा इलाज नाही.

दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात संस्कृत ज्योतिषग्रंथांच्या पोथ्या मिळवून त्यांतील गणित स्वतः करून पाहावे, हा त्यांचा व्यासंग होता. आजच्या विद्यार्थ्याला या कामाचे कष्ट सहजी कळावयाचे नाहीत. सूर्यसिद्धान्ताप्रमाणे एखाद्या दिवसाची तिथी काढावयाची म्हणजे युगारंभापासून त्या दिवसापर्यंत किती दिवस लोटले ते मोजावे लागते. या दिवससंख्येला अहर्गण म्हणतात. तिच्यावरून सूर्यचंद्रांची मध्यम स्थाने काढावयाची, मग त्यांना संस्कार देऊन स्पष्ट स्थाने काढावयाची आणि दोहोंमधील अंतराला बारा अंशांनी भागावयाचे. एका तिथीसाठी आकड्यांच्या रांगाच्या रांगा होतात आणि एक अंक चुकला की सारे व्यर्थ. हे सारे दीक्षितांनी शेकडो वेळा, तेही दिवसभर शाळा शिकवून झाल्यावर केले.

आता संक्रांतीच्या कोड्याकडे वळू. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे मंदपणे घिरटी घेत असतो. त्याची एक फेरी पुरी होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी होतात त्या वेळचे सूर्याचे स्थान, तारकांच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकते. ऋतू संपाताबरोबर चालतात. आपली परंपरागत पंचांगे मात्र सूर्य तारकांपैकी एका ठराविक स्थानी परत आला की वर्ष पुरे झाले असे मानतात. ऋतूंचे वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे आणि काही सेकंदांचे, तर सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटांहून किंचित अधिक. दोहोंत सुमारे चोवीस मिनिटांचा फरक पडतो. चोवीस मिनिटे म्हणजे आपली जुनी एक घटका; एका वर्षात कोणाच्या लक्षातही येणार नाही एवढी ती अल्प. पण साठ वर्षांत तिचा एक दिवस होतो आणि दीड हजार वर्षांत पंचवीस दिवस! आपल्या काठीने पकडलेली चूक ती हीच. संपात धरून केलेल्या गणनेला सायन म्हणतात आणि तारका धरून केलेल्या गणनेला निरयन.

पंचांग सायन असावे, ऋतू आणि सण यांची ताटातूट होऊ देऊ नये, असा आग्रह त्या काळी धरणारे पहिले गृहस्थ दीक्षित नव्हेत. तो मान ज्यांना दिला पाहिजे त्यांत आपल्या गावचे विसाजी रघुनाथ लेले हे प्रमुख होत. ग्वाल्हेरीस राहून त्यांनी या मताचा वृत्तपत्रांतून जोराने पुरस्कार केला, आणि तोही गणितज्ञ म्हणून महाराष्ट्रभर कीर्ती असलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांच्याशी वाद घालून. केरोपंतांनी परंपरागत पंचांगातील ग्रहगणित आधुनिक वेधांशी जुळवून १८६५ पासून नवे पंचांग काढले होते. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले. ते शुद्ध होते, पण निरयन होते. सुधारणाच करावयाची तर अर्ध्यावर का थांबावे, हा लेल्यांच्या म्हणण्याचा आशय. काव्येतिहास-संग्रहाच्या संपादकांपैकी एक असलेले जनार्दन बाळाजी मोडक हेही याच मताचे होते. लेले, मोडक आणि दीक्षित या तिघांनी मिळून शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, सायन पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. टेलिफोन नाही, आजच्यासारखी वाहने नाहीत. ग्वाल्हेर आणि दक्षिणेतील गावे यांमध्ये शेकडो मैलांचे अंतर. अशा स्थितीत तीन सामान्य स्थितीतील माणसांनी आकाशासंबंधी एक मत धरावे आणि ते दरसाल छापून लोकांपुढे ठेवावे, ही गोष्ट लहान नव्हे.

लोकांनी ते स्वीकारले काय? नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संक्रांत जानेवारीत आली त्या घराला ती डिसेंबरात करा असे सांगणे सोपे नव्हते. विद्वानांतही एकमत नव्हते. लोकमान्य टिळकांसारखे पंडितही सुधारलेल्या परंतु निरयन पंचांगाच्याच बाजूचे होते. त्यांच्या बाजूलाही वजन होते, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. आपली सत्तावीस नक्षत्रे म्हणजे प्रत्यक्ष दिसणारे तारे होत. सायन गणना स्वीकारली की अश्विनी नावाचा विभाग अश्विनीच्या ताऱ्यांपासून दूर सरकत जातो, आणि हे कित्येकांना ऋतूंच्या चुकीपेक्षाही अधिक खटकत असे. दीक्षितांना ही अडचण ठाऊक होती. तरीही शेतकऱ्याची पेरणी आणि गृहस्थाचे सण सूर्याच्या उष्णतेशी बांधलेले आहेत, ताऱ्यांशी नव्हेत, या निर्णयावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले.

पंचांगाच्या वादात त्यांच्या पदरी अपयश आले असताना दुसऱ्या एका क्षेत्रात त्यांच्या गणिताला अनपेक्षित यश लाभत होते. ती कथा आमच्या प्रांताची असल्यामुळे थोडी विस्ताराने सांगतो.

गुप्त सम्राटांचा काळ भारताच्या इतिहासात सुवर्णकाळ म्हणून वर्णिला जातो. परंतु गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे दीक्षितांच्या तरुणपणी, हे सम्राट नेमके केव्हा झाले हेच कोणाला निश्चित सांगता येत नव्हते. त्यांच्या शिलालेखांत गुप्त संवताची वर्षे असत. पण त्या संवताचे पहिले वर्ष कोणते? कोणी ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात नेई, कनिंगहॅमसारखे पुराणवस्तुसंशोधक ते १६६ च्या सुमारास धरीत, तर कोणी ३१९ च्या सुमारास. अडीचशे वर्षांचा घोळ! समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, कुमारगुप्त ही सारी मंडळी जणू त्रिशंकूसारखी अधांतरी लोंबत होती.

मुंबई इलाख्यातील अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट यांची १८८३ साली हिंदुस्थान सरकारचे शिलालेखतज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि त्यांनी गुप्तांचे लेख एकत्र करण्याचे काम हाती घेतले. त्यांना उपयोगी पडलेला एक अत्यंत महत्त्वाचा लेख शिंदे सरकारच्या मुलखातील मंदसोर येथे सापडला. लाट देशातून येऊन तेथे वसलेल्या रेशीम विणणाऱ्या कारागिरांनी सूर्याचे एक मंदिर बांधले, असे त्यात सांगितले आहे. मंदिराचे वर्ष मालव संवत ४९३, आणि त्या वेळी कुमारगुप्त राज्य करीत होता. मालव संवत म्हणजेच आपला विक्रम संवत. तेव्हा कुमारगुप्ताचा काळ इसवी सन ४३६ च्या आसपासचा ठरला आणि गुप्त संवताचा आरंभ ३१९-२० च्या जवळपास येऊ लागला.

तथापि जवळपास म्हणजे निश्चित नव्हे. येथे फ्लीटसाहेबांना गणिती हवा होता आणि तो त्यांना शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या रूपाने मिळाला.

बीना नदीच्या काठी, सागर जिल्ह्यात, एरण नावाचे प्राचीन स्थळ आहे. तेथे बुधगुप्ताच्या कारकीर्दीत मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी विष्णूचा ध्वजस्तंभ उभारला. आजही तो उभा आहे. त्यावरील लेखात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार असे स्पष्ट दिले आहे. हा वार हीच सारी किल्ली होय. तिथी चंद्रसूर्यावरून ठरते, वार मात्र सात दिवसांच्या अखंड साखळीतून येतो. दोन्ही एकमेकांशी जुळण्यासाठी वर्ष बरोबरच असावे लागते. संवताचा आरंभ चुकीचा धरला तर ती द्वादशी बहुधा सोमवारी येईल, शनिवारी येईल, पण गुरुवारी यावयाची नाही. दीक्षितांनी गणित केले. ३१९-२० हा आरंभ धरला असता आषाढ शुद्ध द्वादशी इसवी सन ४८४ च्या जून महिन्याच्या २१ तारखेस येते, आणि तो वार गुरुवारच होता!

एका लेखाचा वार जुळणे हा योगायोगही असू शकेल, कारण सातांतून एकदा तो कसाही जुळतोच. म्हणून त्यांनी इतरही लेखांची गणिते केली. त्यांत काठेवाडातील वेरावळचा एक लेख विशेष मनोरंजक आहे. त्यात एकाच दिवसासाठी हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह असे चार संवत दिले आहेत, आणि वार रविवार. वलभी संवत हा गुप्त संवताचाच पुढील अवतार. त्यामुळे आठशे वर्षांच्या अंतरावरूनही त्या आरंभाची परीक्षा घेता आली. १८८८ साली फ्लीटांचा गुप्त लेखांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात दीक्षितांच्या या गणिताचा आधार घेतलेला आहे. आज इतिहासाच्या तासाला आपण गुप्त राजांचे सन पाठ करतो त्यांमागे मराठी शाळेतील या शिक्षकाची आकडेमोड उभी आहे. पाठ करणाऱ्यांना तिचा उपद्रवच अधिक वाटत असेल, ही गोष्ट वेगळी.

यानंतर त्यांच्या कीर्तीचा परीघ वाढला. मद्रास इलाख्यातील रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १८९६ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या कोणत्याही हिंदू तिथीचे इंग्रजी तारखेत रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत. शिलालेखांचे अभ्यासक पुढे कित्येक पिढ्या ती कोष्टके हाताशी ठेवून काम करीत आले.

विद्वानांसाठी एवढे करीत असता सामान्य वाचकाला ते विसरले नाहीत. १८९२ साली त्यांचे ज्योतिर्विलास हे पुस्तक निघाले; रात्रीची दोन घटका मौज असे त्याचे दुसरे नाव. अंगणात उभे राहून वर पाहणाऱ्या माणसाशी बोलावे अशा ओघाने त्यात आकाशाची ओळख करून दिली आहे. ज्या विद्यार्थ्यांना जुन्या मराठीचे भय वाटत नसेल त्यांनी ते ग्रंथालयातून मिळवून अवश्य वाचावे.

त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य म्हणजे भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. दक्षिणा प्राइज कमिटीने या विषयावरील ग्रंथासाठी बक्षीस जाहीर केले होते आणि त्या निमित्ताने हा ग्रंथ लिहिला गेला. तो १८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापला गेला. वेदांपासून स्वतःच्या काळापर्यंतचे ज्योतिष त्यांनी यात तपासले. एक उदाहरण देतो. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा अर्थाचे विधान आहे. वाचणाऱ्यांनी ते शतकानुशतके वाचले असेल. दीक्षितांनी त्यात वेध पाहिला. जो तारा नेमका पूर्वेस उगवतो तो विषुववृत्तावर असला पाहिजे. आज कृत्तिका तेथे नाहीत. मग त्या तेथे केव्हा होत्या? संपाताच्या त्याच मंद गतीवरून त्यांनी हा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. या अनुमानावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि कित्येक पंडितांनी त्या विधानाचा अर्थ निराळा लावला. तो वाद पूर्णपणे मिटलेला नाही. परंतु धर्मग्रंथातील वाक्य गणिताच्या तराजूत घालून पाहण्याची ही रीत मराठी वाचकाला नवी होती.

या ग्रंथातील एक गोष्ट प्रस्तुत लेखकाला फार मोलाची वाटते. त्यात ज्योतिष्यांची चरित्रे दिली आहेत. आर्यभट, वराहमिहिर, भास्कराचार्य तर आहेतच, पण समकालीनही आहेत. ज्यांचे मत दीक्षितांना मान्य नव्हते त्या केरोपंतांचे कार्य त्यांत योग्य गौरवाने नोंदले आहे, आणि ग्वाल्हेरच्या विसाजी रघुनाथ लेल्यांनाही तेथे जागा मिळाली आहे. पंचांगाच्या प्रश्नावर त्या काळी वृत्तपत्रांतून जी धुळवड चाले ती पाहता ही समतोल बुद्धी दुर्मीळच म्हटली पाहिजे.

ग्रंथ बाहेर पडल्यानंतर त्यांना दोन वर्षेही धड मिळाली नाहीत. १८९८ च्या एप्रिल महिन्यात पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते.

पुढची हकीकत त्यांना पाहावयास मिळाली नाही, ती आपण पाहावी. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणेसाठी एक समिती नेमली. उज्जयिनीचे प्रा. आर. व्ही. वैद्य हे तिचे एक सभासद होते. समितीचा अहवाल १९५५ साली बाहेर आला आणि त्यात दीक्षितांच्या ग्रंथाचा आधार ठिकठिकाणी घेतलेला आढळतो. व्यवहारासाठी सायन वर्षच स्वीकारावे असे समितीने ठरविले. त्यानुसार २२ मार्च १९५७ या दिवशी, शके १८७९ च्या चैत्राच्या पहिल्या तारखेस, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. आकाशवाणीवर आणि सरकारी राजपत्रावर जी शक तारीख देतात ती हीच. या दिनदर्शिकेत पौष महिना २२ डिसेंबरला सुरू होतो, म्हणजे आपल्या काठीची सावली सर्वांत लांब पडते त्याच दिवशी. घरोघरची पंचांगे मात्र निरयनच राहिली आणि तिळगूळ आपण जानेवारीतच वाटतो.

दीक्षितांचा मोठा ग्रंथ मराठीत असल्यामुळे इतर प्रांतांतील अभ्यासकांना दीर्घकाळ अडचण पडे. १९५७ साली त्याचे हिंदी भाषांतर प्रसिद्ध झाले. इंग्रजी भाषांतर उज्जयिनीच्या त्याच वैद्यांनी केले. भारत सरकारने त्याचा पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या उज्जयिनीवरून आपल्या पूर्वजांनी शून्य रेखा धरली, जेथील जयसिंगाची वेधशाळा माधवराव शिंदे यांनी १९२३ साली दुरुस्त करविली, त्याच नगरीच्या माणसाच्या हातून हे काम झाले.

थंडीच्या दिवसांत, अंधार पडल्यावर, किल्ल्याच्या बाजूला मोकळे आकाश दिसेल अशा जागी उभे राहावे. लहानशा द्राक्षांच्या घडासारख्या कृत्तिका सहज ओळखू येतात. कार्तिकाच्या आरंभी सायंकाळी त्या उगवत असताना पाहिले आणि जवळ होकायंत्र असले, तर ग्वाल्हेरहून त्या नेमक्या पूर्वेस न उगवता तेथून सुमारे सत्तावीस अंश उत्तरेकडे उगवलेल्या दिसतील.